बंगला चारमधली दिव्याची खोली

अप्पा, काल दुपारी मी बंगला चार लावला.

तुम्ही म्हणाल, लावलास तर लावलास, त्यात सांगण्यासारखं काय आहे. आहे. पण ते शेवटी, आधी माझं ऐकून घ्या. तुम्ही जाऊन तेवीस दिवस झाले. सगळं नीट पार पडलं. दहाव्याला कावळा पहिल्या मिनिटाला शिवला. तुम्हाला आयुष्यात कसलीच घाई नव्हती, त्यामुळे मला जरा आश्चर्यच वाटलं. तेराव्याला सोसायटीचा हॉल भरला होता आणि लोक भरभरून बोलले. तुमचे गिरणीतले दिवस, गिरणी बंद पडल्यावर तुम्ही लिफ्टची कामं शिकलात ते, मुलुंडमधल्या निम्म्या बिल्डिंगांच्या लिफ्ट तुमच्या हाताखालून गेल्या ते, पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी झालेली तुमची जुंपाजुंपी. सगळं खरं होतं. मी मागच्या खुर्चीवर बसून वाट बघत होते, की कोणीतरी बंगल्याबद्दल बोलेल. पण माहीत कोणाला होतं? सासरे आणि सून रोज दुपारी पडदे ओढून टीव्हीवर भुताचा व्हिडिओ गेम खेळायचे, हे काय तेराव्याला माईकवर सांगतात? म्हणून इथे लिहिते.

सुरुवात आठवते ना? सात वर्षं झाली. मला डॉक्टरांनी झोपवून ठेवलं होतं. आधीचं बाळ चौथ्या महिन्यात गेलं होतं, आणि ह्या वेळी तिसऱ्यातच डॉक्टरबाई म्हणाल्या, जिना नाही, ऑफिस नाही, वाकणं नाही. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर उड्या मारणारी मी, तुमच्या हॉलमधल्या दिवाणावर पंख्याची पाती मोजत पडले. निलेश सकाळी कामाला जायचा तो आठला उगवायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी दोन ते चार शेजारच्या बिल्डिंगमध्ये भजनाला. उरायचे तुम्ही आणि तुमचा पेपर. आणि मी इतकी घाबरलेली असायचे की उठून बाथरूमला जायचीसुद्धा धास्ती वाटायची. हे मी कोणाला बोलले नव्हते, निलेशलाही नाही. बोललं तर खरं होईल असं वाटायचं.

बोरिवलीहून सासरी येताना मी माझा गेमचा डबा आणला होता, कुकरच्या खोक्यात घालून, कोणाला कळू नये म्हणून. एका दुपारी हेडफोन लावून मी तो सुरू केला. तुम्ही पेपर खाली केलात. टीव्हीवर काळोखा पॅसेज, टॉर्चचा गोल उजेड, आणि उजेडाच्या पलीकडे काहीतरी पाय ओढत चाललेलं. "ह्या काय गो?" तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं. एक पोस्टमन आहे. डोंगरावरच्या बंगल्यात पत्र द्यायला जातो आणि मागे दार बंद होतं. बंगल्यात काहीतरी राहतं. पिस्तुलात गोळ्या सात आणि बंगल्यात खोल्या साठ, त्यामुळे मारत सुटला तर मेलाच. लपायचं, कान द्यायचा, कुठलं दार कुठे उघडतं ते लक्षात ठेवायचं आणि जिवंत बाहेर पडायचं. एवढाच खेळ. तुम्ही म्हणालात, जीव आधीच टांगणीला लागलाय, त्यात हे कशाला बघतेस. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की अप्पा, ह्या भीतीला बटण आहे, दाबलं की थांबते. दुसरीला नाहीये.

तुम्ही पेपराची घडी घातलीत. खुर्ची ओढून दिवाणाशेजारी आणलीत, मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढून त्याचं पान उलटं केलंत आणि कानावरची पेन्सिल हातात घेतलीत. "खयचा दार खय उघडता ता सांग. मी काढतंय," म्हणालात. त्या दिवसापासून तुम्ही माझे नकाशावाले झालात.

त्या गेमला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. ते तुम्ही एकदाही घेतलं नाहीत. तुमच्यासाठी तो बंगला. दुसऱ्या भागात बंगला नव्हताच, बंद पडलेलं हॉटेल होतं, तरी तो बंगला दोन. तिसऱ्यात बोट होती, तरी बंगला तीन. आणि तुमचे ते नकाशे, देवा. लिफ्टच्या वायरिंगचा आराखडा काढावा तसे. बंद दाराला फुली, किल्ली लागणाऱ्या दाराला गोल, आणि जिथे "ती" दिसली होती तिथे एक बारकंसं टिंब. मी विचारलं, टिंब का, नाव लिहा की. तुम्ही म्हणालात, भुताचं नाव कागदावर लिहू नये. संध्याकाळी दिवे लागले की नकाशे कपाटात. दिवेलागणीनंतर बंगला लावायचा नाही हा नियम तुमचाच. आम्हा बोरिवलीकरांना असले नियम माहीत नव्हते. आमच्या घरी एक बाथरूममधली पाल सोडली तर कोणी कशाला घाबरत नसे.

घाबरायचं कसं, ते तुम्ही मला शिकवलंत. गावच्या घाटीचं सांगितलंत. ओढ्याजवळच्या वळणावर तुम्ही आयुष्यात काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. फक्त तुमचे वडील तिथून जाताना उजवीकडे मान वळवायचे नाहीत. तुम्ही त्यांचं बोट धरून चालायचात आणि त्यांची ती ताठ झालेली मान बघायचात. झालं, एवढीच भीती. साठ वर्षं पुरली. म्हणालात, दिसलं की संपलं. बंगला एक तुम्हाला आवडला तो ह्याच्यासाठी. त्यात पहिले दोन तास ती दिसतच नाही, नुसती पावलं वाजतात वरच्या मजल्यावर.

आणि गाऱ्हाणं! ते तर मी मेले तरी विसरणार नाही. तळघराच्या दाराशी आपण पहिल्यांदा पोचलो, मी दार उघडायला गेले, तर तुम्ही माझा हात धरलात. असं कोणाच्या घरात घुसायचं नसतं म्हणालात. मला गेम थांबवायला लावलंत, टीव्हीसमोर उभे राहिलात, हात जोडलेत आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलंत. "बा देवा म्हाराजा, ह्या बंगल्याच्या मालका, आज आमी तुझ्या दारात इलाव. काय न्हेवक इलाव नाय, एक पत्र देवक इलाव. काय चुकला-माकला तर पदरात घे, आणि ह्या पोस्टमनाक सुखरूप भायर काढ रे म्हाराजा!" आणि माझ्याकडे बघत राहिलात. मला कळेना काय करायचं. मग शिकवलंत, की गाऱ्हाणं ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मी हसत हसत म्हटलं. तुम्ही नाराज. एकट्याचा व्हय पातळ लागतो, म्हणालात, निदान दोन माणसं तरी हवीत. आता मी दुसरं माणूस कुठून आणणार होते?

पुढे प्रत्येक मोठ्या दाराशी गाऱ्हाणं ठरूनच गेलं. चौथ्या महिन्यात एकदा, ज्या आठवड्यात आधीच्या वेळच्या आठवणींनी मी अगदी गळून गेले होते, तुम्ही पोस्टमनवर थांबला नाहीत. त्याच सुरात पुढे म्हणालात, आणि हय दिवाणावर जी पोर पडली हा, तिका आणि तिच्या पोटातल्या जिवाक नऊ म्हयने पुरे करून सुखरूप सोडव रे म्हाराजा. मी उशी पोटाशी धरली. तुम्ही हात जोडून तसेच उभे. "म्हण गो," म्हणालात. मी म्हटलं. मग मी रडले आणि तुम्ही टीव्हीकडे बघत उभे राहिलात, मी उरकेपर्यंत.

बंगल्यात मधूनमधून एक खोली यायची. छोटीशी, टेबलावर दिवा, भिंतीवर घड्याळ. त्या घड्याळाला किल्ली दिली की आतापर्यंतचा खेळ जपून ठेवला जायचा, आणि त्या खोलीत भूत यायचं नाही. कधीच नाही. बाहेर पावलं वाजायची, दारापर्यंत यायची, परत जायची. मला ती खोली म्हणजे किल्ली द्या आणि पळा. तुम्ही मात्र कंट्रोलर माझ्या हातातून काढून खाली ठेवायचात. "दिव्याची खोली इली, चाय टाकतंय," आणि स्वयंपाकघरात. मला उठायची बंदी, म्हणून चहा तुम्हीच करायचात, आल्याचा, साखर जरा जास्तच. आपण दोघं त्या खोलीत बसल्यासारखे बसायचो. टीव्हीवर पोस्टमन उभा, दिवा जळतोय, बाहेर ती फिरतेय, आणि आपण बिस्किट बुडवतोय. त्या पंधरा मिनिटांत मला भीती वाटायची नाही. कसलीच नाही. हे तुम्हाला मी तेव्हा सांगायला हवं होतं.

लपवाछपवीची मजा वेगळीच. गरोदर बाईने चांगलंचुंगलं बघावं म्हणून आईंनी टीव्हीच्या बरोबर वर बाळकृष्णाचा फोटो लावला होता. त्याच्या पायाखाली आपली ती पांढऱ्या साडीतली फिरायची. चारला बेल वाजली की तुमची जी तारांबळ उडायची! पडदे बाजूला सारायचे, कॅलेंडर दिवाणाखाली, टीव्हीवर लोणच्याची पाककृती नाहीतर कीर्तन. आई आत येऊन विचारायच्या काय बघताय, आणि तुम्ही शहाण्यासारखा चेहरा करून म्हणायचात, ही पाकक्रिया बघते, मी आपला बसलोय. त्यांच्याकडे घराची किल्ली असायची, तरी त्या नेहमी बेल वाजवायच्या, तीही दोनदा, आणि मग चांगल्या दोन मिनिटांनी आत यायच्या. आपण म्हणायचो, बरं झालं, नशीब आपलं.

ईरा झाली, पूर्ण दिवसांची, सव्वातीन किलोची. हॉस्पिटलात तिला हातात घेऊन तुम्ही मला हळूच विचारलंत, बंगला दोन कधी. मी हसले तेव्हा टाके दुखले.

तर आता भांडणाचं. भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात, ते मी पुरं करणार आहे.

बंगला दोनपर्यंत आपण एकमताचे होतो. तीनमध्ये गोळ्या वाढल्या. तुम्ही कुरकुरलात, पण चालवून घेतलंत. शिवाय तीनमध्ये जायची दिशा दाखवायला जमिनीवर बाण उमटायला लागला, आणि तुमच्या नकाशाचं काम संपलं. तुम्ही कॅलेंडर गुडघ्यावर घेऊन बसलेले, पेन्सिल कानावर, आणि बाण आपला पुढे पुढे. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग तीन वर्षांपूर्वी चार आला. मी त्याची वर्षभर वाट बघितली होती. लावला, आणि पहिल्याच दृश्यात आपला पोस्टमन हेलिकॉप्टरमधून उडी मारतो. काळं जाकीट, मांडीएवढे दंड, खांद्यावर मशीनगन. तुम्ही खुर्ची पुढे ओढून नीट बघितलंत. मग विचारलंत, ह्याला पोस्टात कोणी ठेवला?

मी हसून लोळले, पण मला चार आवडला, अप्पा. जाम आवडला. मी तेव्हा पुन्हा ऑफिसला जायला लागले होते. सकाळी ईराचा डबा, मग अंधेरी, तिथे माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान साहेब, परत येते तर मान मोडलेली. दिवसभर कोणाकोणाला घाबरून आल्यावर घरी येऊन पुन्हा घाबरायचं? त्यापेक्षा दे दणादण. रविवारी दुपारी मी शंभर भुतं आडवी करायचे आणि सोमवारी बरी असायचे. हे मी तुम्हाला नीट समजावलं होतं. तुमचं एकच. ती भुतं नव्हेत, गुंड आहेत. ज्याला गोळी लागते त्याला कसलं घाबरायचं. मी म्हणायचे, गेम करणाऱ्यांनाही पोट आहे, लोकांना हेच हवंय, काळ बदलला. तुम्ही म्हणायचात, काळ बदलला म्हणून आपण ओढ्याशी मान वळवून बघायची का? रविवारी जेवताना हेच. निलेश वैतागून म्हणायचा, तुम्ही दोघं वेगळं घर घ्या. आईंना वाटायचं आपण राजकारणावर भांडतोय, असं आपल्याला वाटायचं.

मला वाटत राहिलं की तुमची तक्रार बंदुकीबद्दल आहे. एकदाच तुम्ही खरं बोललात, आणि मी कान दिला नाही. मी खेळत होते, तुम्ही मागे उभे होतात. म्हणालात, "सायले, ह्यात दिव्याची खोली खय असा?" मी म्हटलं, नाहीये, आता लागत नाही, पळता पळता आपोआप खेळ साठवला जातो. तुम्ही विचारलंत, मग माणसानं बसायचं कुठे? मी म्हटलं, बसायचंच नाही अप्पा, हाच तर पॉइंट आहे. आणि पुढचे पाच जण उडवले. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, आणि त्यानंतर चारचं नाव काढलं नाहीत. शपथच घेतलीत, की मी त्याला हात लावणार नाही.

मग तुमच्या पोटातली ती गाठ निघाली, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस. आणि मी बंगला चार झाले. खरंच सांगते. फाइल बगलेत मारली आणि सुटले. मुलुंडचे डॉक्टर, अंधेरीचे डॉक्टर, कोणीतरी सांगितलं म्हणून काढे, कोणीतरी सांगितलं म्हणून गव्हांकुराचा रस. घरी येणारा प्रत्येक जण तुमचा हात धरून सांगायचा, अप्पा, लढायचं. मी सगळ्यात मोठ्याने. तुम्ही मान डोलवायचात आणि रस प्यायचात, वास घेतल्यावर तोंड वाकडं करून.

त्या गुरुवारी दुपारी मी घाटकोपरला निघाले होते. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांची चारची वेळ मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. तुम्ही तुमच्या खुर्चीत होतात. "बस जरा गो. चाय टाक," म्हणालात. मी चपला घालत होते. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "चहा काय पिताय अप्पा, तुम्ही हातपाय गाळून बसलायत. तुम्हाला लढायचंच नाहीये." तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नेहमीच्याच आवाजात म्हणालात, "लढूचा काय ता? ह्यो बंगलो एकवालो असा." मी दार ओढून घेतलं आणि गेले. घाटकोपरच्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि आधीच्या दोघांनी सांगितलं तेच सांगितलं. मी परत आले तेव्हा तुम्ही झोपला होतात.

नंतर बसले मी. सुट्टी घेऊन बसले, तुमच्या पायाशी, दहा-बारा दिवस. पण तोपर्यंत औषधांनी तुम्ही बहुतेक झोपेतच असायचात. जागे झालात की ईराची चौकशी, आईंची चौकशी, लिफ्ट नीट चालते का विचारायचात. त्या गुरुवारचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मला काढता आला नाही. सकाळी सातला, आई तुमची उशी सारखी करत असताना, तुम्ही गेलात. शांतपणे, घरात, आपल्या माणसांत. सगळे म्हणाले, भाग्यवान. होतातच. पण माझ्या मनात तेवढा एक काटा राहिला, की अप्पांनी मला बस म्हटलं आणि मी त्यांना घाबरट म्हणून निघून गेले. त्या दुपारी ते एकटे बसले असतील. त्या सगळ्याच दुपारी.

म्हणून काल. ईरा शाळेत होती, आई आतल्या खोलीत पडल्या होत्या, दोन वाजले होते. मी पडदे ओढले आणि डबा सुरू केला. बंगला चार लावला, कारण एक लावायची हिंमत नव्हती. साठवलेल्या खेळांची यादी आली. पहिला माझा, पुरा केलेला. आणि त्याच्या खाली आणखी एक.

मी तर दुसरा कधी सुरू केला नव्हता. उघडला. सुरुवातीचीच जागा होती. हेलिकॉप्टरमधून उडी मारल्यावर पोस्टमन तळ्याकाठच्या एका कोळ्याच्या झोपडीत पडतो. तिथली बंदूक उचलायची, लाथेने दार तोडायचं आणि बाहेर जायचं, की चहूबाजूंनी सगळे अंगावर येतात. मला त्या झोपडीत अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. ह्या खेळात बंदूक भिंतीला तशीच होती. एक गोळी उडालेली नव्हती. कोपऱ्यातला कंदील, जो पेटवता येतो हे मला माहीतसुद्धा नव्हतं, तो पेटवून टेबलावर ठेवलेला होता. आणि पोस्टमन खिडकीशी उभा. बाहेर तळं, वारा, कोणी नाही. दार उघडत नाही तोवर तिथे कोणी येतच नाही. कोपऱ्यात खेळलेला वेळ लिहिला होता. एकोणीस तास.

अप्पा, गेम करणाऱ्यांनी खोली काढून टाकली होती. तुम्ही ती शोधून काढलीत.

मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. मागून आईंचा आवाज आला. "दिव्याची खोली इली काय?"

मी दचकले. रिमोट शोधायला लागले, कीर्तन लावायला, एवढ्या वर्षांची सवय. आई तुमच्या खुर्चीत बसल्या, गुडघे धरून, सावकाश. आणि मग त्यांच्याकडून मला सगळं समजलं. मी फाइल घेऊन धावत होते त्या दुपारी तुम्ही एकटे नव्हतात. आईंनी भजन बंद केलं होतं, आणि दोन ते चार त्या इथेच बसायच्या, दिवाणावर, माझ्या जागी. तुम्हीच त्यांना बंगला चार दाखवलात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, की हा तुम्हाला आवडत नाही ना, मग हाच कशाला. तेव्हा तुम्ही म्हणालात, सायली काय बघता ह्यात, ता बघूक व्हया. दोन दिवस दार उघडून बघितलंत, दोन्ही दिवस मेलात, खूप हसलात म्हणे. मग दार लावून घेतलंत आणि कंदील पेटवलात. चहा आई करायच्या. त्या गुरुवारीसुद्धा. मी दार ओढून गेले, तेव्हा आईच चिडल्या माझ्यावर, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, लढांदे गो तिका. ती दमली की येतली हयसरच.

मी आईंना विचारलं, पण तुम्हाला दिव्याची खोली कशी माहीत, ती तर एकमधली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "मी काय बहिरी आसंय? चावी माझ्याकडे. दाराशी इलंय की कधी तुमची दिव्याची खोली, कधी तुमचा गाराणा चालू. मगे मी भायर उभी रवलंय. गाराणा मोडू नये म्हणान."

"रोज?"

"रोज. आणि भायरसून म्हटलंय, व्हय म्हाराजा. मगेच बेल मारलंय."

दोन माणसं हवीत म्हणायचात ना अप्पा, एकट्याचा व्हय पातळ लागतो म्हणून? दोन होती. पोटातल्या जिवासाठी तुम्ही हात जोडलेत त्या दुपारीही दारापलीकडे दुसरं माणूस उभं होतं. आपल्याला वाटत होतं आपण त्यांच्यापासून लपवतोय.

तर भांडण मिटलं. तुम्ही जिंकलात, आणि मी हे आनंदाने लिहून देते. बंगला चार मला अजूनही आवडतो, रविवारी मी शंभर गुंड आडवे करणारच आहे, त्यात काही बदल नाही. पण माझ्या खेळात. तुमच्या खेळातलं ते दार मी उघडणार नाही. घाटकोपरला जाताना मी जे बोलले त्याबद्दल माफी मागायची होती, तीही आता इथेच मागते. तुम्ही ती त्याच दिवशी देऊन टाकली होतीत असं दिसतंय.

कंदील जळत होता. मी उठले, टीव्हीसमोर उभी राहिले आणि हात जोडले. गाऱ्हाणं घालणं हे तुमचं काम, मी कधी केलं नव्हतं, आणि मला मालवणी धड येत नाही. जसं आलं तसं घातलं. म्हटलं, बा देवा महाराजा, आमचे अप्पा तुझ्या दारात आलेत. काही न्यायला आले नाहीत. त्यांना घाई नसते, त्यांना कुठे पळवू नको. बसायला एक खोली दे, दिवा दे, चहात साखर जरा जास्त घाल. आणि बाहेर काहीही फिरत असलं तरी आत येऊ देऊ नको रे महाराजा.

"व्हय म्हाराजा," आई तुमच्या खुर्चीतून म्हणाल्या.

मग मी चहा टाकला.